कागदी कॉम्प्युटरातला खरा प्रोसेसर

मित्रांनो, या युगाचं डोकं म्हणजे मी. मी नसेन तर विमानं जमिनीवर बसतील, परीक्षांचे निकाल अडतील आणि शहाणी माणसं बोटांवर आकडे मोजत बसतील. एका सेकंदात माझं काळीज तीन अब्ज वेळा धडधडतं. फक्त डोक्यावरचा पंखा थांबला की मला भोवळ येते, आणि पंखा थांबायला मांजराच्या केसांचा एक पुंजका पुरतो. असा मी एक जुना प्रोसेसर आहे.

जन्माने मी वाळू. वाळूतलं सिलिकॉन शुद्ध करून त्याच्या ताटाएवढ्या चकत्या कापतात आणि त्यांवर प्रकाशाने नक्षी उठवतात. ते सगळं परदेशात झालं. तरी मी स्वतःला मलेशियातल्या पेनांग बेटाचाच समजतो. कारण चकतीतून निघालेल्या माझ्यासारख्या नखाएवढ्या तुकड्याला इथल्या कारखान्यातच पाठीला हिरवी पाटी मिळाली, पाटीखाली हजारभर सोनेरी ठिपके मिळाले आणि डोक्यावर धातूची टोपी बसली. मग परीक्षा झाली. गरम पेटीत बसवून माझ्याकडून गणितं सोडवून घेतली. माझ्यात सहा कोअर होते, म्हणजे एका छपराखाली राहणारे सहा कामसू भाऊ. त्यातले दोघे ऐन उकाड्यात चुकले. त्यांना कायमचं झोपवलं आणि माझ्यावर 'चार' असा शिक्का मारून मला पास केलं. तुमच्या शाळेत अशी सोय नाही, याचं मला वाईट वाटतं.

मी आ-हॉकच्या दुकानात लागलो. पेनांगच्या जॉर्जटाउन शहरातल्या एका अरुंद गल्लीत आ-हॉक मेलेल्या माणसांसाठी कागदी वस्तू बनवतो: बंगले, मोटारी, बूट, कवळ्यासुद्धा. थडग्यापाशी जाळल्या की त्या ज्याच्या त्याला पोचतात. त्यांचे नकाशे आणि चित्रं मी काढायचो. अकरा वर्षांत मी परलोकात एक अख्खी वसाहत उभी केली, पण तिथून कुणाची तक्रार आली नाही.

माझं काम कसं चालतं ते दुकानासमोरच्या नूडलच्या गाडीवर बघा. तिथे एक जण कोळंबी सोलतो, दुसरा कढईत परततो, तिसरा केळीच्या पानावर वाढतो. पहिली थाळी वाढेपर्यंत तिसरीची कोळंबी सोलून तयार असते. माझ्या प्रत्येक कोअरमध्ये हेच चालतं. तिखट हाताशी असतं, तशी माझी कॅश, म्हणजे जवळची छोटी स्मृती. अंडी मात्र कोपऱ्यावरून आणावी लागतात, तशी रॅम, म्हणजे लांबची मोठी स्मृती. आणि गाडीवाली जशी नेहमीचं गिऱ्हाईक दिसताच त्याने तोंड उघडण्याआधी कढई तापवते, तसा मीही पुढचा हुकूम अंदाजानेच करायला घेतो. अंदाज चुकला तर केलेलं ओतून देतो आणि गंभीर चेहऱ्याने पुन्हा सुरू करतो.

पण पुढे नवा कॉम्प्युटर आला. आ-हॉकने मला काढलं, डोक्यावरचा, उष्णता पंख्याकडे पोचवणारा लेप पुसला आणि कात्रीच्या खणात टाकलं. तीन वर्षं मी एका डिंकाच्या बाटलीशेजारी पडून होतो. ती बाटलीही वाळलेली होती.

मग चेंग बेंगचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडे सगळे थडगी साफ करायला जातात. दुकानात सिऊ गैक आली. कारखान्यात तीस वर्षं प्रोसेसर तपासून निवृत्त झालेली ही बाई. गल्लीत सगळे तिला आ-सो म्हणतात, म्हणजे वहिनी. तिचा नवरा केंग बी जाऊन तीन महिने झाले होते. तो रोज कॉम्प्युटरवर चिनी बुद्धिबळ खेळायचा. तिने त्याच्यासाठी कागदी कॉम्प्युटर सांगितला होता. आ-हॉकने तो कौतुकाने पुढे ठेवला. आ-सोने चष्मा लावला आणि खोक्याचं झाकण उघडलं.

"आत काय आहे?"

"आत? आत काय असणार, आ-सो? कागद आहे."

"रिकामं आहे! हे चालणार कसं?"

"बंगल्यातही कुठे नळाला पाणी असतं? तरी सगळे नेतात."

"बंगल्यात माणूस नुसता बसतो. हा खेळणार आहे. तीस वर्षं मी रिकामं काही पास केलं नाही, आ-हॉक. तीन महिने म्हातारा तिथे हात बांधून बसलाय. इथे असताना रोज म्हणायचा, ये, एक डाव मांडू. मी म्हणायचे, कारखान्यातली पाळी संपू दे, कपडे धुऊन होऊ देत. शेवटपर्यंत एकही मांडला नाही. आता निदान मशीन तरी धड जाऊ दे."

यावर आ-हॉक कात्रीच्या खणाकडे वळला. त्याने खण उघडला आणि मला उचलून कागदी खोक्यात मधोमध चिकटवलं. आ-सोने माझ्या टोपीवरची अक्षरं वाचली. "इथलाच आहे," ती म्हणाली, आणि मला दुसऱ्यांदा पास केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर थडगं झाडून झालं. भाजलेलं मांस, वाफवलेले केक आणि पिशवीतली कोपी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, मांडली. खोकं धरायला आ-हॉक होता. आता मेलेल्याला विचारायचं. त्यासाठी दोन नाणी टाकतात. एक छाप आणि एक काटा आला तर 'हो', दोन्ही सारखी पडली तर 'नाही'. माझं अवघं शास्त्र शून्य आणि एकाचं, त्यामुळे ही भाषा मला लगेच कळली.

"जेवलास का, म्हाताऱ्या?" हो.

"कॉम्प्युटर पाठवू?" नाही.

आ-सोने पुन्हा टाकली. नाही. तिसऱ्यांदाही नाही.

"कोपीत साखर कमी पडली असेल," आ-हॉक म्हणाला. एका हातात त्याने पेटती काडी धरली होती आणि ती बोटाशी येत होती.

"गप रे. त्याने काहीतरी चूक पकडलीय." तिने झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. "पंखा कुठाय? आ-हॉक, तू पंखाच नाही घातलास! पंख्याशिवाय हा जळून जाईल ना!"

आ-हॉकने हातातल्या काडीकडे पाहिलं. मग आ-सोकडे पाहिलं. मग फुंकर मारून काडी विझवली. मित्रांनो, इतका समंजस माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

"खरंच की, आ-सो," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

तिने मला नखाने अलगद सोडवलं. आ-हॉकने खिशातली कात्री काढली आणि थडग्याच्या कठड्यावर बसून सोनेरी कागदाचा एक प्रोसेसर कापला. हुबेहूब माझ्यासारखा, वर सात पात्यांचा पंखाही. तो खोक्यात बसवला. नाणी टाकली. हो.

खोकं जळत असताना आ-सो मला मुठीत धरून उभी होती. मग हळूच तिने विचारलं, "आणि हा खरा माझ्याकडे राहू दे? मी खेळायला शिकते. तिकडे आल्यावर तुला हरवायला."

एक छाप, एक काटा.

आता मी तिच्या घरी, नव्या लेपाखाली आणि खऱ्या पंख्याखाली असतो. वीज गेली की मी सगळं विसरतो, म्हणून ही हकिगत ती डाव मांडताना मला पुन्हा पुन्हा सांगते. रोज सकाळी ती माझ्याशी हरते आणि मला शिव्या घालते. चारही भाऊ आनंदाने ऐकून घेतात.

तेव्हा मित्रांनो, जुन्या यंत्राला लगेच खणात टाकू नका. त्याची धूळ झाडा, त्याला हवा लागू द्या. कुणी "एक डाव मांडू" म्हणालं तर कपडे नंतर धुवा. अजूनही बरंच सांगण्यासारखं आहे, पण आ-सोचं सगळं लक्ष पटावर आहे आणि तिचं मांजर आत्ताच माझ्या पंख्याच्या जाळीला पाठ लावून बसलं आहे. कुणी जवळ असाल तर तेवढं त्याला उठवा. जरा जपून. ते चावतं.