मी मोजतो, ओरडत नाही

मी वजनकाटा. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात उभा असतो. पाय ठेवायला खाली पत्रा, वर उंच खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारी दोन वजनं, एवढाच माझा संसार.

कारखान्यात ज्या कारागिरानं मला जोडलं, त्यानं शेवटी दांडी सरळ येईपर्यंत एक बारीक स्क्रू पिळला आणि म्हणाला, "हां, आता खोटं बोलणार नाही." माझ्यावर संस्कार झाला तो तेवढाच.

इथे आलो तेव्हा मला डॉक्टरांच्या टेबलाशेजारी ठेवायचं ठरलं होतं. पण खोलीत पंखा एकच, खिडकीकडचा. त्याखाली टेबल लागलं आणि माझी रवानगी दाराशी झाली. डॉक्टर पंखा सोडून उठायचे नाहीत. मग पद्धतच पडली: सिस्टरांनी माझ्यावरचा आकडा बघून मोठ्यानं ओरडायचा, डॉक्टरांनी तिकडे लिहायचा. दाराबाहेर रांग. डॉक्टरांच्या आधी आकडा रांगेला कळायचा. एका पंख्यापायी अख्ख्या वसतिगृहाची वजनं चव्हाट्यावर आली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मोठ्या माणसांचं असंच असतं. एखादी गैरसोय जुनी झाली की ते तिला शिस्त म्हणतात.

दर सत्राला तपासणी सक्तीची. त्याशिवाय खोली मिळत नाही.

एकदा पहिल्या वर्षाची एक मुलगी माझ्यावर चढली. अंगानं भरलेली, हसरी, चप्पल काढताना मागचीला कोपर लागलं म्हणून दोनदा सॉरी म्हणणारी. सिस्टरांनी सवयीनं घसा साफ केला. "ब्याऐंशी!"

"काटा शाबूत आहे का बघा हो," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

शाबूत होता. तिला मात्र त्याच दिवशी नाव पडलं, क्विंटल.

पुढच्या सत्राला ती आली तेव्हा कपडे तेच होते, आतलं माणूस कमी झालं होतं. सिस्टरांनी आकडा ओरडला आणि वर जोडलं, "शाब्बास गं, काय छान बारीक झालीस." डॉक्टर पंख्याखालून म्हणाले, "असंच चालू ठेव." रांगेत टाळ्या पडल्या. ही बारीक कशी झाली, हे कुणी विचारलं नाही. तिनं डॉक्टरांचा सल्ला तंतोतंत पाळला.

तिसऱ्या खेपेला वजनं इतकी मागे सरकवावी लागली की ओरडता ओरडता सिस्टरांचाच आवाज अडखळला.

"हे फार कमी आहे," डॉक्टर म्हणाले. "महिन्याभरात वाढलं नाही तर घरी पाठवीन. खाऊनपिऊन धडधाकट हो, मग ये."

महिन्यानं ती आली ती भर उकाड्यात जाड जॅकेट घालून. आकडा चांगला भरला. पण माझी दांडी हलकी आहे. माणूस कितीही स्थिर उभं राहिलं तरी त्याच्या श्वासाबरोबर ती किंचित थरथरते. त्या दिवशी ती थरथर जेमतेम होती. तिच्याबरोबर माझ्यावर आणखी काहीतरी चढलं होतं आणि ते श्वास घेत नव्हतं.

सिस्टर तोंड उघडणार तोच ती जराशी वळली आणि जॅकेटचा खिसा माझ्या खांबावर आपटला. खणकन आवाज झाला. मागे तिची रूम पार्टनर उभी होती.

"माझ्या ट्रंकेचं कुलूप," ती म्हणाली. "सकाळपासून शोधतेय मी."

मुलीनं खिसा मुठीत दाबून धरला.

"काढ ते."

"काढलं तर घरी पाठवतील," मुलगी पुटपुटली. "एकदा गेले की बाबा परत येऊ द्यायचे नाहीत. त्यांना निमित्तच हवंय."

पार्टनरनं तिच्याकडे पाहिलं, मग थेट खोलीच्या दुसऱ्या टोकाला. "सर, हिला घरी पाठवून काय होणार? आजारी इथे पडलीये ना? मग इथेच बरी करा. आणि सिस्टर, आता आकडा ओरडू नका."

"ओरडल्यानं काय होतं?" डॉक्टर म्हणाले. "वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. आमच्या वेळी असलं कुणाच्या मनाला लागत नसे."

"लागत असेल, सर. तुम्हाला ऐकू आलं नसेल. पंख्याचा आवाज फार आहे."

रांगेत कुणी हसलं नाही. मुलीनं खिसे रिकामे करायला घेतले. ट्रंकेचं कुलूप, सायकलचं, खोलीचं, आणि आतल्या खिशातून व्यायामशाळेतली लोखंडी चकती. पहिल्याच कुलपाला दांडी खाली पडली. सिस्टर वजनं मागे सरकवत गेल्या, सरकवत गेल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग जाऊन दार लावून घेतलं.

डॉक्टर उठले. पंखा तिकडे एकटाच फिरत राहिला आणि ते खोली ओलांडून माझ्यापर्यंत आले. आकडा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

"पोटभर कधी जेवली होतीस?"

हा प्रश्न या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकला.

"आठवत नाही," ती म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, "घरी नाही पाठवत. पण दर आठवड्याला इथे यायचं. समुपदेशक बाईंकडेही जायचं. आणि कुलपं आणायची नाहीत."

"माझं तर मी घेऊनच चाललेय," पार्टनर म्हणाली.

आता मी पडद्याआड, डॉक्टरांच्या टेबलाशी असतो. आजकालची पोरं नाजूक आहेत, असं डॉक्टर अजूनही म्हणतात, पण हळू आवाजात. ती मुलगी दर आठवड्याला येते आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहते. आकडा तिला सांगायचा नाही, असं समुपदेशक बाईंनी ठरवून दिलंय. वजन सावकाश चढतं, एखाद्या आठवड्याला उतरतंही. सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. खोटं बोलणं मला जमत नाही.

एक मागणं आहे. जमीन तुम्हाला किती जोरानं ओढते, तेवढंच मला कळतं. जेवलात का, झोप लागते का, कुणाशी बोलावंसं वाटतं का, हे माणसानं माणसाला विचारायचं असतं. ते काम माझ्यावर टाकू नका. आणि मी सांगितलेलं रांगेला सांगू नका.

परवा ती आली, जॅकेट न घालता. पाठ करून उभी राहिली आणि तिच्या श्वासाबरोबर दांडी थरथरायला लागली.

"जरा स्थिर उभी राहा गं," सिस्टर म्हणाल्या.

राहू नकोस, मी मनात म्हटलं.