दोनदा मोजलेलं उत्पन्न

मेघाला धुळ्याच्या एका कॉलेजात फार्मसीची सीट लागली, तेव्हा वरणगावच्या मंदिरात कीर्तन होतं. मी टाळ धरून उभा होतो, पण मन हिशेबात. वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तरच निम्मी फी माफ. पूर्ण फी भरणं मला शक्य नव्हतं, पगारातून घराचे हप्ते जातात. पगार वर्षाला सात लाख एकाहत्तर हजार. बसत होतं सगळं.

पण उत्पन्नाच्या दाखल्याचं घोषणापत्र भरताना पेन थांबला. आदल्या वर्षी विम्याचे कागद मीच उशिरा दिले, म्हणून कर जास्त कापला गेला होता. तो परतावा यंदा बँकेत आला होता, व्याज धरून एकोणचाळीस हजार सातशे दहा. धरला, तर आठ लाखांच्या वर.

"आबा, कोणाला तरी विचारा ना," मेघा म्हणाली.

"विचारायचं काय? घरात आलं ते उत्पन्न. विचारणं म्हणजे पळवाट शोधणं."

"पळवाटच शोधा मग एखादी," मेघाची आई चुलीकडून म्हणाली. "देव काही फी भरायला येणार नाही."

मी परतावा उत्पन्नात धरला. वाटलं, देव परीक्षा पाहतोय. पुढच्या कीर्तनात बुवांनी माझं नाव घेऊन ही गोष्ट सांगितली, लोकांनी हात जोडले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो. मेघा मात्र मधेच उठून घरी गेली.

माफी नाकारली गेली. फीसाठी कर्ज मागितलं, तर पतपेढीने आधीचं घराचं कर्ज पाहून नाही म्हटलं.

मंगळवारी विवरणपत्र भरायला जळगावला मेहरूणमध्ये ललितभाऊंकडे गेलो. कर सल्लागार माणूस, बोलणं सरळ. परताव्याचा आकडा मी पुढे केला.

"हा इथे कशाला, भाऊ?"

"उत्पन्न ना ते."

"अहो, ज्या पगारातून हा कर कापला, तो पूर्ण पगार गेल्या वर्षी उत्पन्नात धरलाय. तुमचाच पैसा परत आला. आता पुन्हा धरलात तर एकच पैसा दोनदा मोजला."

"मग काहीच नाही दाखवायचं?"

"सरकारने त्यावर दिलेलं व्याज तेवढं दाखवा. सतराशे दहा रुपये."

सात लाख बहात्तर हजार सातशे दहा. म्हणजे आठ लाखांच्या आतच. पण माफीचे कागद दुरुस्त करून देण्याची मुदत सोमवारीच संपली होती.

तरी बुधवारी पहाटेच मेघाला घेऊन धुळ्याला गेलो. कॉलेजच्या खिडकीतल्या कारकून रुपचंद नानांनी सगळं ऐकून घेतलं, कागद दोनदा पाहिले.

"मना हातमा काहीच नही शे, भाऊ," ते म्हणाले. "पाचपर्यंत पूर्ण फी भरा, नाहीतर प्रवेश रद्दचा अर्ज द्या. काल विचारलं असतंत तरी उशीरच होता, आठ दिवसांपूर्वी विचारलं असतंत तर काम झालं असतं."

मेघाने माझ्याकडे पाहिलं नाही. अर्ज घेतला, भिंतीला टेकवून भरू लागली. एका रकान्यापाशी थांबली.

"आबा, कारण काय लिहू?"

इतकी वर्षं कीर्तनं ऐकलेला मी दाखल्यावरचा आकडा पुन्हा वाचू लागलो.

"वैयक्तिक लिख, बेटा," नाना खिडकीतून म्हणाले. "बठ्ठा पोरे तेच लिखतस."

तिने तसं लिहिलं आणि पालकाच्या सहीसाठी कागद माझ्या हातात दिला.