दांड्यावरची खूण

मार्लिसनं बॅटरीची वायर काढून ठेवली, बापानं ती शोधून जोडली. किल्ली पिठाच्या डब्यात लपवली, तर त्यानं स्क्रू-ड्रायव्हर खुपसून गाडी सुरू केली. वर्लिन हृश्काला आज वार कोणता ते सांगता येत नव्हतं, बायको गेल्याचंही तो रोज विसरायचा, पण त्याचे हात मेले काही विसरायला तयार नव्हते. मागच्या आठवड्यात त्यानं जुनी पिकअप शाळेच्या बसला आडवी घातली. चालवणाऱ्या बाईनं बस चरात उतरवली म्हणून पोरं वाचली. मार्लिस त्याच शाळेत स्वयंपाक करायची. बसमधल्या एकेका पोराला तिनं रोज हातानं वाढलेलं होतं.

शेजारचा गेलर्ड त्या संध्याकाळी टोपी हातात धरून दारात उभा राहिला. "माझी नात होती गं बसमध्ये. विकून टाक ती गाडी."

विकायची कशी? गाडी जागेवर दिसली नाही की म्हातारा तिला शोधायला पायी सुटायचा, तोही नेब्रास्काच्या मार्चमधल्या गोठवणाऱ्या वाऱ्यात, अंगात नुसता सदरा. मागे एकदा कुरणापलीकडच्या ओढ्याकाठी सापडला, तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणून मार्लिसनं ठरवलं, गाडी उभी राहू दे, स्टिअरिंगच काढायचं.

जेवून बाप आडवा झाला तशी ती शेडमध्ये गेली. हॉर्नची टोपी निघाली. गोटी पान्यानं नट सोडवून तिनं बाजूला ठेवला, सीटला गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी जीव खाऊन ओढलं. स्टिअरिंग ढिम्म हललं नाही. तिनं हातोडा उचलला.

"ठेव तो खाली."

दारात बाप उभा होता, नुसत्या मोज्यांवर.

"स्टिअरिंगच्या दांड्यावर हातोडा घालतेस? आटे चेपले की बस बोंबलत. आणि नट कुठाय? अख्खा काढलास? अगं, सुटलं की थेट थोबाडावर येतं ते! तुझ्या काकाचे पुढचे दात कसे गेले वाटतं तुला?"

"घोड्यानं लाथ मारली ना?"

"असं तो काकूला सांगायचा."

मार्लिसला हसू फुटलं. इतकं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. त्यानं नट परत एक-दोन आट्यांवर बसवला, पुढची चाकं सरळ करून घेतली, खिळ्याला टांगलेला पुलर, स्टिअरिंग ओढून काढायचं अवजार, खाली घेतला. मग छिन्नीनं दांड्याच्या टोकावर आणि स्टिअरिंगच्या मध्यावर मिळून एक बारीक रेघ ओढली.

"ही कशाला, बाबा?"

"बसवताना वाकडं बसू नये म्हणून. काढतो काय, कुणीही. परत बसवायचं ज्याच्या मनात असतं, तोच खूण करतो."

तिनं मान फिरवली. बोकडाकडूनच सुरीला धार लावून घ्यावी तसं तिला झालं. बाप मात्र रंगात आला होता, पुलर आवळता आवळता तोंडानं काहीतरी गुणगुणत होता. त्याला थांबवायला हवं होतं, पण तिच्यानं थांबववेना.

फट्‌ आवाज झाला आणि स्टिअरिंग सुटलं. नटानं ते अडवलं, नाहीतर आलंच होतं तोंडावर. नट काढून वर्लिननं ते मांडीवर घेतलं.

"कुणाची म्हणालीस ही गाडी?"

"एका म्हाताऱ्याची. त्याला आता चालवू द्यायची नाही."

"बरं करतेस. जीव घेईल एखाद्याचा."

बोलता बोलता त्याचा हात कडेवरून फिरत होता. वरच्या बाजूला एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. त्या भागात रस्त्यावर समोरून कुणीही येवो, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करायचा, ही तिथली रीत. वर्लिननं जन्मभर तेच केलेलं. त्याचं बोट त्या जागेवर बसलं, सवयीनं उठलं, पुन्हा बसलं. मग तो थांबला.

"पोरी, ही माझी गाडी आहे."

"हो, बाबा."

वाऱ्यानं शेडचा पत्रा खडखडत होता. "मी कुणाला मारलं का?"

"नाही. थोडक्यात वाचले सगळे."

त्यानं स्टिअरिंग तिच्या हातात दिलं. "मग कुठं ठेवतेस ते मला सांगू नकोस."

शाळेच्या कोठीत, बटाट्याच्या रिकाम्या खोक्यांमागे तिनं ते ठेवलं आणि तिथंच बसून पोटभर रडली.

सकाळी ती कॉफी ओतत होती, तर बाप शेडमधून लालबुंद होऊन आला. "चोर आले होते! माझं स्टिअरिंग नेलं!"

मार्लिसनं कॉफीचं भांडं खाली ठेवलं. काय सांगायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं काही आठवेना.

"पण ऐक," वर्लिनचा आवाज एकदम खाली आला. "साधा चोर नाही तो. दांड्यावर खूण करून गेलाय. म्हणजे आणून देणार आहे."

त्यानं आपला कप उचलला आणि गाडीत जाऊन बसला. ती कोट घेऊन मागोमाग धावली. समोरच्या रस्त्यानं गेलर्डची गाडी गेली. गेलर्डनं बोट उचललं. वर्लिननंही उचललं, हाताखाली स्टिअरिंग नसताना.

कोट घालून घेताना त्यानं तिचा हात धरला.

"मी नसलो आणि तो आला, तर त्याला कॉफी दे हं. रागावू नकोस त्याच्यावर."

"नाही रागावणार," मार्लिस म्हणाली.