माझ्या पायाखालचं ब्लँकेट

मी बोलतेय, बाथरूमच्या दाराशी उभी असलेली, गोल काचेच्या दाराची वॉशिंग मशीन. माझा आवाज जरा मोठा आहे, सांभाळून घ्या. गरगर फिरता फिरता हळू बोलणं मला कधी जमलंच नाही.

माझा जन्म कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. कुणी ड्रम बसवला, कुणी मोटर, कुणी वायरी जोडल्या. शेवटी एका बाईनं माझी काच पुसली आणि मला खोक्यात घातलं. या घरात येऊन मला नऊ वर्षं झाली.

घरात माणसं तीन. मुलगा छापखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. सून सकाळी नऊला बँकेत जाते. तिसरे मुलाचे वडील. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. माणसं मला खिशांवरून कळतात. मुलाच्या खिशात चुरगळलेली तिकिटं, सुनेच्या खिशात केसांचे चाप. बाबांचे खिसे मात्र उलटे करून झटकलेले.

गेल्या वर्षी बाबा आजारातून उठले, पण झोपेत अंथरूण ओलं होऊ लागलं. त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. सून कामावर गेली आणि मुलगा घोरू लागला, की ते चादर गुंडाळून माझ्याकडे येत. "आवाज करू नकोस गं बाई," असं पुटपुटत बटण दाबत. पण पिळायची वेळ आली की माझी आदळआपट सुरू. एकदा मुलगा डोळे चोळत बाहेर आला. "फडकी धुतोय," बाबा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाकडी फळीनं माझा एकेक पाय उचलला आणि धापा टाकत खाली जुनं ब्लँकेट सरकवलं.

आवाज कमी झाला खरा, पण त्या मऊ बैठकीवर मी डुलायला लागले. डुलत डुलत मागे सरकले. आणि एका सकाळी, ड्रममध्ये पाणी आणि बाबांची पट्ट्यापट्ट्यांची चादर असताना, मी बंद पडले. घरातली वीज गेली. पंखा थांबल्यामुळे मुलगा जागा झाला. आत पाणी असलं की माझं दार उघडत नाही. काचेतून चादर दिसत होती. बाबांनी स्टूल ओढलं आणि माझ्या काचेला पाठ लावून बसले.

"जुनी झाली ही, भंगारात देऊन टाकू," मुलगा म्हणाला आणि माझा प्लग काढून, मेन स्विच वर करून पुन्हा झोपायला गेला. भंगाराचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बाबांनी पाठ माझ्या काचेवर आणखी घट्ट दाबली, आणि त्यापुढे माझं दुःख काहीच नव्हतं. जेवायलाही ते उठले नाहीत.

मुलानं फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे संध्याकाळी सून मेकॅनिकला घेऊनच आली. "आजोबा, जरा उठता का?" तो म्हणाला. बाबा उठले. त्यानं मला पुढे ओढलं आणि ब्लँकेट बाहेर आलं.

"हे कुणी घातलं?"

मुलगा आधी चादरीकडे बघायला लागला, मग बाबांकडे.

"मी घातलं," सून म्हणाली. "यांची झोपमोड होते ना. चादरही मीच टाकली होती, निघता निघता."

तिनं त्या ब्लँकेटला कधी हातही लावला नव्हता, हे मला ठाऊक आहे.

मेकॅनिकनं माझ्या पायाशी असलेलं छोटं झाकण उघडून पाणी काढलं. नऊ वर्षांत ते झाकण कुणी उघडलंच नव्हतं. आतून दोन चाप आणि एक बटण निघालं. मग मागचा पत्रा काढून त्यानं मीटर लावला.

"मशीन ठणठणीत आहे, ताई. डुलून डुलून मागे गेली, भिंतीपाशी पाण्याची नळी चेपली. ही वायर पत्र्याला घासून सोलली गेली, म्हणून मेन स्विच पडला. वायर बदलतो. पाय फरशीवरच राहू द्या. आणि चादर एकटी टाकत जाऊ नका. ती एका बाजूला गोळा होते, मग मशीन आदळते. सोबत चार कपडे असले की आवाज होत नाही."

त्या माणसानं मला भंगाराच्या दारातून ओढून आणलं. त्याचे आभार मी रोज मानते. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल. ती आदळली तर रागावू नका, आधी तिच्या पायाखाली बघा.

पण माझं खरं ऋण सुनेचं आहे. दुसऱ्या दिवशी बाबा चादर गुंडाळून आले आणि त्यांनी माझं दार उघडलं. आत तिचे दोन कुर्ते, टॉवेल आणि मुलाचा शर्ट आधीच ठेवलेले होते. साबणही घातलेला होता. त्या दिवसापासून ती रोज निघताना चार कपडे ठेवून जाते. त्याबद्दल दोघं एका शब्दानंही बोललेले नाहीत.

त्या पहिल्या दिवशी बाबांनी आधी ते कपडे जरा बाजूला सारले. मग चादर त्या कपड्यांमध्ये ठेवली आणि दार खटकन लावलं, घरात कुणी झोपलंय याची पर्वा न करता.