मंजुळाबाईंनी घेतलेलं नाव

मी निघोज्याचा पत्र्याचा कर्णा बोलतोय. ओरडणं हाच माझा जन्मभराचा धंदा, तेव्हा सवयीनं आवाज चढला तर सांभाळून घ्या. तसा आता चढायचा नाही म्हणा. चिंचवडला मुंबई रस्त्याला लागून ते राष्ट्रीय स्वातंत्र्य संग्रहालय आहे ना, त्याच्या मागच्या अडगळीच्या खोलीत मी दोन वर्षं आडवा पडलोय. तोंडात कोळ्यानं घर केलंय.

माझा जन्म चाकणच्या बाजारपेठेतला, बेचाळीस सालचा. नूरमोहम्मद म्हणून एक पत्र्याचं काम करणारा होता. त्यानं रॉकेलचा रिकामा डबा कापला, वळवला, शिवणीवर कथलाचा डाख दिला आणि मला उभं केलं. मला करायला सांगणारा निघोज्याचा चिमाजी कड. अंगानं काडी, पण आवाज असा की तीन शेतं ओलांडून जावा. नूरमोहम्मद त्याला म्हणाला, "तुला रे कर्णा कशाला? तू नुसता खाकरलास तरी देहूत ऐकू जातं."

"देहूत जाऊन काय उपेग? सरकारच्या कानात गेला पायजे," चिमाजी म्हणाला. दोघं खूप हसले. माझ्या आयुष्याची सुरुवात हसण्यानं झाली, तेवढंच एक बरं झालं.

त्या पावसाळ्यात चिमाजी सकाळी उजाडताना देवळाच्या ओट्यावर उभा राही आणि पुण्याहून चोरून आलेली पत्रकं माझ्यातून वाचून दाखवी. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा. पोलीस आल्याची कुणकुण लागली की त्याची बायको, मंजुळाबाई, मला बाजरीच्या कणगीत खोल खुपसून ठेवायची. वरून पुटपुटायची, "ह्यो डबा येक दिस तुमाला घिऊन जानार." तो हसायचा. पण बाई खोटं बोलत नव्हती. दिवाळीनंतर त्याला धरला. तुरुंगात ताप आला आणि माणूस गेला. निरोप तेवढा आला, माती आली नाही. मंजुळाबाई तेव्हा बावीस वर्षांची होती.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर आहे. चिमाजीचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. जमीन भावकीच्या नावावर. पोटी मूल नाही. म्हणजे हा माणूस या पृथ्वीवर होऊन गेला, याची एका ओळीची नोंद गावात कुठे नव्हती. मीच काय तो उरलो होतो, आणि माझ्यावर कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला गावातल्या मारुतरावांनी मला मागून नेलं. मारुतराव आणि त्यांचे धाकटे भाऊ यशवंतराव, गावातलं मोठं घराणं. बेचाळीसला हे दोघं भाऊ बैलबाजारात रमलेले होते. पण त्या दिवशी मारुतराव माझ्यातून अर्धा तास स्वतःबद्दल बोलले आणि सगळ्या गावानं ते ऐकलं. मग मला परत कणगीजवळ आणून टाकलं. पुढं चार वर्षांनी मारुतराव वारले.

सत्तावन्न साल उजाडलं. उठावाला शंभर वर्षं होत होती, म्हणून हे संग्रहालय निघालं. तिकडं पिंपरीला कारखान्याच्या भिंती चढत होत्या, इकडं संग्रहालयाच्या. आणि पहिली वीट बसायच्या आधीच भांडणं. पहिल्या दालनात तसबीर कुणाची, कुणाची नाही, कुणाचा पुतळा दारात, कुणाचा जिन्याखाली. वर्तमानपत्रांना दुसरा विषय नव्हता. बेचाळीसला जे आत गेले ते मेले आणि जे बाहेर राहिले ते समितीवर गेले, असं लोक चहा पिताना उघड म्हणत. यशवंतराव समितीवर होते.

वस्तू गोळा करायला पुण्याहून ताम्हनकर नावाचे कारकून निघोज्यात आले. मंजुळाबाईनं मला चिंचेनं घासूनपुसून लख्ख केलं होतं. पदर कपाळाच्या पुढं ओढून ती उंबऱ्याशी बसली. यशवंतराव खाटेवर, गाव अंगणात.

"हा कर्णा कोण वापरत होतं?" ताम्हनकरांनी दौत उघडत विचारलं.

"घरधनी," ती म्हणाली.

"नाव?"

ती गप्प. आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. ज्याचं आयुष्यच संपलं त्याचं काय कमी व्हायचं, हे कुणी सांगत नाही, पण रीत ती रीत. पोर असतं तर 'अमक्याचा बा' म्हणून तिनं वेळ मारून नेली असती. तिच्यापाशी तेवढाही आधार नव्हता.

ताम्हनकर शहरी माणूस, मनानं वाईट नव्हता. हसून म्हणाला, "बाई, उखाण्यात घ्या हवं तर." अंगणातल्या बायकांनी माना खाली घातल्या. विधवेला उखाणा सांगतात होय? मंजुळाबाईचं कपाळ पदराआड होतं, म्हणून त्या भल्या माणसाला काही दिसलं नाही.

तिनं वळून गावाकडं पाहिलं. कुणीतरी बोलावं, एवढीच तिची अपेक्षा होती. शंभर माणसं बसली होती आणि प्रत्येकाला चिमाजी माहीत होता. पण खाटेवर यशवंतराव होते. त्यांनी घसा साफ केला. "लिहा हो. मारुतराव. आमचे थोरले बंधू. सगळ्या गावानं त्यांना यातून बोलताना पाहिलंय. काय रे?"

"व्हय," दोन-चार जण म्हणाले. ते खोटंही नव्हतं, हेच तर दुखणं. ताम्हनकरांना तीनची एसटी गाठायची होती. त्यांनी लिहून टाकलं.

संग्रहालय उघडलं. मला काचेच्या कपाटात मखमलीवर ठेवलं आणि पुढं पाटी लावली: 'स्वातंत्र्यसैनिक कै. मारुतराव यांचा कर्णा.' शाळांच्या सहली यायच्या, मास्तर मोठ्यानं वाचायचे. मला काचेतून ओरडावंसं वाटे. पण माझं असं आहे की तोंड लावणारा असेल तरच मला आवाज.

एके दिवशी नूरमोहम्मद आला. केस पिकले होते. त्यानं शिवणीवरचा आपल्या हातचा डाख ओळखला, पाटी वाचली, आणि तिथून चालत निघोजं गाठलं. दुसऱ्याच आठवड्यात त्यानं समितीकडं अर्ज टाकला.

त्याला आणि मंजुळाबाईला बोलावणं आलं. मला कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. अध्यक्ष पुण्याचे, निवृत्त न्यायाधीश. आवाज मऊ होता.

"साहेब, हा मी बनवलाय. चिमाजीसाठी," नूरमोहम्मद म्हणाला.

"तुमचं ऐकलं. पण नियम असा आहे की सर्वांत जवळच्या नातेवाईकानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायला हवं. बाई, सांगा."

मंजुळाबाई माझ्याकडं बघत होती. तिच्या हाताची बोटं पदराच्या काठात गुंतली होती.

"वहिनी," नूरमोहम्मद हळूच म्हणाला, "आता तुमच्याबिगर कोणी नाही."

तिनं मान वर केली. "चिमाजी," ती म्हणाली. मग एकदम स्पष्ट, "चिमाजी बाळाजी कड. ऱ्हानार निघोजं. ह्यो त्यांचा कर्णा हाय."

मी मोठमोठी भाषणं वाहून नेलीत. पण त्या तीन शब्दांनी माझा पत्रा आतून थरारला. लग्नातला उखाणा सोडला तर आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते नाव उच्चारलं होतं. मला वाटलं, संपलं. आता लिहितील.

यशवंतराव उभे राहिले. रागावले नाहीत, शांतपणे बोलले. "साहेब, मी गावचा माणूस आहे. आमच्याकडं बाई मरेपर्यंत नवऱ्याचं नाव तोंडात आणत नाही. कारकुनापुढं हिनंही आणलं नव्हतं, ते बरोबरच होतं. आज मात्र चारचौघांत घडाघडा म्हणाली. ज्याची खरीखुरी बायको आहे, तिची जीभ अशी रेटेल? हे पाठ करून घेतलेलं आहे." आणि त्यांनी नूरमोहम्मदकडं पाहिलं. "पाठ कुणी करून घेतलं, ते दिसतंच आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. नियमाचा माणूस. त्यांनी टेबलाभोवती पाहिलं. समितीतले दोघं यशवंतरावांकडं बघून मान हलवत होते. बाई गप्प राहिली तेव्हा तिचं म्हणणं नव्हतं, आणि बोलली तेव्हा ती त्याची बायको नव्हती. असा न्याय झाला. वहीत ओळ पडली: 'मालकी वादग्रस्त. वस्तू प्रदर्शनातून काढावी.' चिमाजीचं नाव त्या ओळीतही आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात नूरमोहम्मद रडत होता. "वहिनी, माझं चुकलं. मी तुम्हाला बोलायला लावलं."

तिचे डोळे कोरडे होते. "भाईजी, पंधरा वर्सं त्ये नाव माझ्यापाशी व्हतं," ती म्हणाली. "कुनी बगितलं न्हाई, कुनी हात लावला न्हाई. आज मी ते त्यांच्या म्होरं ठिवलं, आन् त्यांनी खोटं म्हनून टाकून दिलं. आता माझ्यापाशी बी न्हाई ऱ्हायलं."

मग ती दोघं एसटीच्या थांब्याकडं गेली. ती पुन्हा आली नाही.

माझ्या जागी कपाटात आता मारुतरावांची चांदीच्या मुठीची काठी आहे. गर्दी बरी असते म्हणे. मला गंज धरलाय, शिवण सुटत चालली आहे. पुढच्या साली भंगारात काढणार, असं इथला शिपाई बोलत होता. माझं काही म्हणणं नाही. पत्र्याचा पुन्हा डबा होईल.

एवढंच मागतो: तुम्ही इथवर ऐकलंत, तर एकदा ते नाव स्वतःच्या तोंडानं म्हणा. चिमाजी बाळाजी कड. लिहू नका हवं तर. तिनं नाव घेतलं तेव्हा ते खरं मानून घेणारं त्या खोलीत एकच माणूस होतं, आणि त्याची साक्ष कुणालाच नको होती.