रंग लावलेला कठडा

मित्रांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका डोंगरमाथ्यावर चला. समोर खोल दरी आहे. दरीपलीकडच्या सोंडेवर जुने दगडी चर्च आहे. आणि दरीच्या तोंडाशी उभा आहे तो मी, एक जुना लोखंडी कठडा. जरा लांबच थांबा. का, ते सांगतो.

चर्चच्या खिडक्यांचे गज ज्या लोहाराने घडवले, त्यानेच मला घडवले. खडकात भोके पाडून त्याने माझे पाय रोवले आणि वितळलेले शिसे ओतून घट्ट केले. मग माझ्यावर रेलून दरीत डोकावत तो बायकोला म्हणाला, "ये गं, आता भ्यायचं काही कारण नाही." माझ्या आयुष्यातली एवढीच काय ती शाबासकी.

पुढे चर्च 'ऐतिहासिक' झाले. त्याची कौले बदलली, भिंती धुतल्या, माहितीची पाटी लागली. माझ्या वाट्याला दरवर्षी फक्त रंग आला. पायाशी पाणी साचत होते, गंज मला खात होता. गेल्या खेपेला रंगाऱ्याने कोपऱ्यातला खांब चाचपला, तर लोखंडाचे पापुद्रे त्याच्या हातात आले.

"साहेब, याचा पाय गेलाय."

"लांबी भर आणि रंग मार," देखरेखीवरचा साहेब म्हणाला. "फोटोत पाय कुठे दिसतोय?"

रंगारी हसला. त्याने भोकात लांबीचा चिकट लगदा भरला, वर हिरवा रंग चोपडला. मी नवाकोरा दिसू लागलो. तेव्हापासून माणसे येतात, दरीकडे पाठ करतात, माझ्यावर बसतात आणि दात काढतात. मला ओरडता येत नाही.

काल एक मुलगी आली, बाबा आणि आत्याबरोबर.

"चढ, त्या कोपऱ्यात बस," बाबा म्हणाले. "मागे चर्च आलं पाहिजे."

तिने खांब धरला. "बाबा, हे हलतंय."

"नवा रंग दिलाय की त्याला!" आत्या म्हणाली. "भित्री भागूबाई कुठली!"

मुलीने खाली वाकून नखाने रंग खरवडला. लांबीचा ढपला निघाला. आत नुसती पोकळी.

"मी नाही बसणार."

"एवढ्या लांब गाडी हाणत आलो, ते तुझे नखरे बघायला?" बाबांनी फोन खिशात कोंबला आणि ते तरातरा गाडीकडे निघाले. आत्याही गेली. वाकून बघायला कोणालाही सवड नव्हती.

मुलांनो, माझी काळजी घ्या, असे म्हणण्याची वेळ केव्हाच टळली. आता एवढेच मागतो: रंगावर भुलू नका. पायाशी वाकून बघा. आणि जे दिसेल ते बोला, मोठी माणसे चिडली तरी बोला.

तर काल, गाडीकडे निघालेली ती मुलगी निम्म्या वाटेवर पोचली असेल, तोच दुसरे कुटुंब माझ्याकडे आले. आईने कडेवरचे बाळ उचलले आणि त्याच कोपऱ्यावर बसवायला पुढे धरले. मुलीने वळून पाहिले. ती धावत आली आणि हात पसरून मध्ये उभी राहिली.

"काकू, इथे नको! खांब खालून कुजलाय."

"अगं, सरक बाजूला. एकच फोटो काढायचाय."

खालून बाबा गाडीचा हॉर्न वाजवत होते. मुलीने एकदा तिकडे बघितले आणि खांबासमोर मांडी घालून खाली बसली.