किनवटला न परतलेला फिल्टर

मी पाण्याचा फिल्टर बोलतोय. नांदेडच्या एका विद्यापीठात, अभियांत्रिकी विभागाच्या दाराशी काचेचं कपाट आहे, त्यात मी उभा असतो. एका बाजूला ढाल, दुसऱ्या बाजूला मानपत्र. माझ्या आत मात्र पाण्याचा थेंब नाही.

मला शिल्पानं घडवलं. ती हदगावकडच्या शेतकरी घरातली, इथली संशोधक विद्यार्थिनी. बोअरच्या केसिंग पाइपचा तुकडा, त्यात फ्लोराइड शोषून घेणारी पांढरी खडी, खाली साधी तोटी. तीन वर्षं ती माझ्यातून पाणी काढायची, तपासायची, ओतून द्यायची. ज्या दिवशी फ्लोराइडचा आकडा बरोबर आला, त्या दिवशी तिनं स्वतः एक पेला भरला, प्याली आणि एकटीच हसली.

मग तिनं मला किनवटजवळच्या एका निवासी शाळेत बसवलं. तिथल्या फ्लोराइडच्या पाण्यानं मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडले होते. अधीक्षक धम्मानंद सर रोज सकाळी माझी तोटी स्वतःच्या हातानं पुसायचे. जेवणाआधी मुलांची रांग लागायची. मी जगलो म्हणायचं तर तेच चार महिने.

विभागप्रमुख माधवराव सरांनी मला राष्ट्रीय पुरस्कारासाठी धाडायचं ठरवलं. मांडायला म्हणून मला खोलून नेलं. "पंधरा दिवसांत परत आणते सर," शिल्पा धम्मानंद सरांना म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं.

पुरस्कार मिळाला. पेटंट विद्यापीठाच्या नावावर झालं. कपाटाच्या पाटीवर माधवराव सरांचं नाव, पुढं 'व सहकारी'. सर वाईट नाहीत. भाषणात त्यांनी शिल्पाचं नाव दोनदा घेतलं. पण प्रकल्पाची मुदत संपली आणि शिल्पा लातूरच्या कॉलेजात शिकवायला गेली. नवा फिल्टर बनवू द्या, असा तिचा अर्ज अजून विद्यापीठाच्या समितीपुढंच पडून आहे.

गेल्या महिन्यात धम्मानंद सर पुन्हा आले.

"सर, दीड वरीस झालं. पोरं इचारून राहिलेत, आपला फिल्टर कवा येतो म्हणून."

माधवराव सर चष्मा पुसत राहिले. "विभागाला गुण द्यायला बाहेरून मूल्यांकनाची समिती येणार आहे हो. त्यांना दाखवायला हाच तर आहे आमच्याकडं. ते होऊ द्या, मग बघू."

"मागच्या टायमाला बी तुम्ही हेच म्हणले होते."

धम्मानंद सरांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. "निदान एवढं बोअरचं पाणी तपासून तरी द्या."

"तपासणारं आता कुणी न्हाई सर इथं," कार्यालयातल्या राजश्रीबाई हळूच म्हणाल्या. तरी त्यांनी बाटली घेतली आणि माझ्या कपाटावर ठेवली.

आठ दिवस ते पाणी माझ्या डोक्यावर होतं. एका वितीचं अंतर. मला ते आत घेता आलं नाही.

समिती यायच्या सकाळी झाडलोट झाली. कुणीतरी ती बाटली दारातल्या कुंडीत रिकामी केली. पाहुणे माझ्यापुढं थांबले, "फार लोकोपयोगी काम," म्हणाले आणि त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

तुम्ही कधी इथं आलात, तर माझा फोटो काढू नका. आत जाऊन सरांना एवढंच विचारा, ह्याला किनवटला कधी पाठवताय?